लॅग घरातला की बाहेरचा, आधी ते शोधा

ऑनलाइन गेममध्ये नेम बरोबर, गोळी सुटली, पण समोरचा गडी केव्हाच भिंतीआड. हाच लॅग. मग घरात चर्चा सुरू होते, की १०० चा प्लॅन ३०० करूया. थांबा. सामना खेळताना बहुतेक गेमना एक-दोन एमबीपीएस पुरतात. मोठा प्लॅन कामी येतो तो डाउनलोडला: १०० एमबीपीएसवर ६० जीबीचा गेम उतरायला साधारण ८० मिनिटं. सामन्यात बघायचा तो पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ (मिलिसेकंदांत), आणि त्याची उडी, म्हणजे चढउतार.

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये (रोमन अक्षरांत) पिंग, पुढे राउटरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१, आणि शेवटी '-टी' टाइप करा. पाच मिनिटं चालू द्या, मग कंट्रोल-सी. मग तसंच ८.८.८.८ ला, म्हणजे घराबाहेरच्या, गुगलच्या सर्व्हरला. राउटरपर्यंतचाच आकडा ३ वरून १५० वर उडत असेल तर कंपनीला शिव्या देऊन उपयोग नाही, दोष घरातला.

आणि घरातला दोष म्हणजे बहुधा वायफाय. गोव्यात डिचोली-पेडण्याकडच्या जुन्या घरांच्या चिऱ्यांच्या जाड भिंती वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याला एका खोलीपलीकडे सहसा जाऊ देत नाहीत. २.४ पोचतो, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांचे राउटर त्याच पट्ट्यात गर्दी करतात. रिपीटरवर (वायफाय पुढे ढकलणाऱ्या डब्यावर) पैसे घालू नका, कॅट-६ ही नेटवर्कची केबल ओढा. केबल निव्वळ तांब्याची घ्या, मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको. जोडल्यावर लिंक स्पीड (केबलवर मिळालेला वेग, एमबीपीएसमध्ये) बघा. गिगाबिट पोर्ट असून १००० ऐवजी १०० दिसला, तर बहुधा आठपैकी एखादी तार टोकाच्या क्लिपमध्ये नीट बसलेली नाही. क्लिप कापून नवी क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा.

राउटरपर्यंत सगळं ठीक, पण संध्याकाळी ८.८.८.८ चा पिंग ३० वरून ४०० वर? घरातले फोन फोटोंचा बॅकअप चढवत असतील किंवा सीसीटीव्ही क्लाउडवर जात असेल. अपलोड तुंबला की गेमच्या डेटाचं पाकीट रांगेत अडकतं. राउटरला क्यूओएस (कुठल्या कामाला किती वेग द्यायचा ते ठरवायची सोय) असेल तर अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर बांधा. नसेल तर बॅकअप रात्री दोनला लावा.

आता पावसाळा. जूनमध्ये माडाची झावळी पडली की खांबावरून आलेली फायबर लोंबते, ताणते. ओएनटीच्या (घरात फायबर जिथे जोडतात त्या डब्याच्या) सेटिंगच्या पानावर 'आरएक्स पॉवर', म्हणजे येणाऱ्या प्रकाशाची ताकद, बघा: −१५ ते −२५ डीबीएम ठीक, −२७ च्या खाली नेट तुटायला लागतं, आणि लाल एलओएस (सिग्नल गेल्याचा) दिवा लागला की संपलंच. कंपनीच्या माणसाला बोलावण्याआधी एवढं तपासा, की पिवळी पॅच कॉर्ड खिळ्याला गुंडाळून मोडल्यासारखी वाकलेली नाही ना. हिरव्या कनेक्टरचं टोक आठ अंशांत तिरकं घासलेलं असतं. तिथे निळा जोडला तर सिग्नल गळतो. टोक शर्टाला पुसू नका, आत डोळा लावून बघू नका.

वीज क्षणभर गेली तरी ओएनटी पुन्हा उठायला दोनेक मिनिटं घेते, तोवर सामना हातचा गेलेला असतो. १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावा. ॲम्पिअर आणि पिन ॲडॅप्टरशी जुळवून घ्या.

तक्रार करताना 'नेट स्लो आहे' म्हणालात तर राउटर बंद करून चालू करायला सांगतील. त्यापेक्षा डीबीएमचा आकडा आणि वेळेसकट पिंगचे स्क्रीनशॉट द्या. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मागून घ्या. तक्रार न सुटता बंद केली, तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे तो नंबर लागतो.