मास्टर बेडरूम वाढवताय? आधी जुनं घर कागदावर काढा, आणि या चुका टाळा

सोलापुरात विजापूर रोड, होटगी रोड, जुळे सोलापूर, शेळगी या बाजूला पंचवीस-तीस वर्षांपूर्वी बांधलेली घरं आता मागे किंवा वर वाढू लागली आहेत. मुलाचं लग्न ठरतं, नाहीतर आई-वडिलांना जिना जमेनासा होतो, आणि विषय निघतो: मागच्या मोकळ्या जागेत एक मास्टर बेडरूम काढू या, अटॅच टॉयलेटसकट. जागा उरलीच तर कपड्यांना छोटी ड्रेसिंग. वहीच्या पानावर चौकोन निघतो, त्यात १२ बाय १४ लिहिलं जातं आणि गवंड्याला फोन जातो.

त्या चौकोनात फारसं काही बिघडत नाही, बिघडतं ते त्याच्या शेजारी. नवी खोली जुन्या घराचा उजेड अडवते, वाट खाते, ड्रेनेजचा उतार संपवते. कागदावर जुनं घर काढलेलंच नसतं, त्यामुळे हे कळतं ते स्लॅब पडल्यावर. तेव्हा आधी टेप घेऊन जुनं घर मोजा. खिडक्या, दारं कुठल्या बाजूला उघडतात ते, ड्रेनेजचे चेंबर आणि ते किती खोल आहेत, हौद, बोअर, मीटर, गच्चीवरची टाकी, सगळं एका कागदावर आणा. नवी खोली कुठे बसेल हे निम्मं तिथेच ठरतं.

मागची खिडकी बुजवून टाकणे

३० बाय ४० च्या प्लॉटवरचं नेहमीचं घर घ्या: पुढे हॉल, मागे एका बाजूला स्वयंपाकघर आणि दुसऱ्या बाजूला बेडरूम. दोन्हींना उजेड मागच्या खिडक्यांतून. आता मागे सलग खोली काढली की स्वयंपाकघराची खिडकी नव्या बेडरूममध्ये उघडते. अशा कितीतरी घरांत ती खिडकी ग्रिलसकट तशीच भिंतीत असते, आतून पडदा लावलेला. रात्री लसणाची फोडणी पडली की ठसका थेट उशीपर्यंत. आणि स्वयंपाकघरात भर दुपारी ट्यूबलाइट.

नवी खोली जुन्या घराला सगळ्या बाजूनं चिकटवू नका. एका कोपऱ्यात जोडा आणि मध्ये चार-पाच फुटांची उघडी जागा सोडा. पेठांमधल्या जुन्या वाड्यांना चौक असायचा तो याच कामासाठी. त्या जागेत भांडी-धुणं होतं, कूलर बसतो, पाइप उघड्यावर राहतात, आणि नव्या खोलीला समोरासमोर खिडक्या मिळतात. यासाठी खोली दोन फुटांनी लहान झाली तर होऊ द्या. याबाबतीत मी हट्टी आहे.

खोली बांधून झालीच असेल, तर दारावरच्या भागात काचेचे व्हेंटिलेटर काढता येतात, किंवा लिंटेलच्या, म्हणजे दार-खिडकीवरच्या आडव्या बीमच्या वर काचेच्या विटा. स्लॅबला भोक पाडून स्कायलाइट करायचं तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय छिन्नी लावू नये. ते भोकही दोन बाय दोन फुटांचं पुरे. आपल्याकडच्या उन्हात मोठी काच म्हणजे मे महिन्यात खालच्या माणसाला शिक्षा.

दुसऱ्याच्या खोलीतून वाट

नव्या खोलीचं दार जुन्या बेडरूममध्ये उघडलं, की ती जुनी खोली उरत नाही, तो बोळ होतो. सुनेला रात्री पाणी हवं असेल तर सासू-सासऱ्यांच्या पलंगाला वळसा घालून यायचं. पहिले पंधरा दिवस सगळे हसून घेतात, पुढे पाण्याच्या बाटल्या खोलीत जातात.

तीन फुटांची स्वतंत्र वाट निघत नसेल, तर आराखडाच उलटा करून बघा. जुन्या बेडरूमचे दोन भाग करून त्यात ड्रेसिंग आणि टॉयलेट बसवायचं, आणि नव्या बांधकामात फक्त झोपायची खोली ठेवायची. जुनं बाथरूम शेजारीच असेल तर पाइपही जवळच्या जवळ जुळतात.

हॉलमध्ये बसलेल्या पाहुण्याला पलंग दिसू नये आणि पलंगावरून कमोड दिसू नये, हे दोन्ही दार फूटभर सरकवून किंवा बिजागरी दुसऱ्या बाजूला घेऊन जमतं. ड्रेसिंग मध्ये आणि टॉयलेट पलीकडे अशी रचना केली तर एक्झॉस्ट फॅन हवाच, नाहीतर पावसाळ्यात कपड्यांना कुबट वास येतो.

ड्रेनेज शेवटी बघू, असं म्हणणे

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. रस्त्याकडचं चेंबर घराच्या पुढे आणि नवं टॉयलेट घराच्या मागे. मधलं अंतर ४० फूट धरा. कमोडच्या ११० मिलिमीटर पाइपला साधारण ६० फुटांना एक फूट ते ४० फुटांना एक फूट उतार लागतो. म्हणजे पुढच्या चेंबरपर्यंत जाताना पाइप ८ ते १२ इंच खाली जाणार. पुढचं चेंबर उथळ निघालं तर प्लंबर दोनच गोष्टी करू शकतो: उतार कमी ठेवायचा, म्हणजे दर दोन महिन्यांनी तुंबणार, किंवा टॉयलेटची फरशी उचलायची. दुसरा मार्ग घेतला की बेडरूममधून टॉयलेटला जायला सहा-नऊ इंचांची पायरी येते. ज्या आई-वडिलांसाठी खोली काढली, त्यांनी रात्री अंधारात तीच पायरी चढायची.

पाया खणण्याआधी लेव्हलची नळी घ्या आणि पुढच्या चेंबरच्या तळापासून मागच्या जोत्यापर्यंतची उंची प्रत्यक्ष मोजा. अर्ध्या तासाचं काम आहे. पाइप जुन्या खोल्यांच्या फरशीखालून नेऊ नका, बाजूच्या मोकळ्या पट्टीतून न्या आणि प्रत्येक वळणावर चेंबर ठेवा. पहिल्या मजल्यावर खोली काढणार असाल तर नवं टॉयलेट शक्यतो खालच्या टॉयलेटवरच घ्या, आणि टॉयलेटखालचा स्लॅब ८ ते १२ इंच खाली टाकायचा हे सेंट्रिंग लावण्याआधी ठरवा. स्लॅब सरळ पडला की मग पाइप हॉलच्या छताखाली लटकतात आणि त्यांना झाकायला पीओपीचा खर्च वाढतो.

नव्या टॉयलेटला वास येतो अशी तक्रार उन्हाळ्यात बरीच असते. नहाणीच्या ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी उभं असतं, ते गटाराची हवा अडवतं. खोली आठ-दहा दिवस बंद राहिली की आपल्या कोरड्या हवेत ते आटून जातं. एक तांब्या पाणी ओता आणि थांबून बघा. पाणी असूनही वास येत असेल आणि फ्लश केल्यावर नहाणीत बुडबुड आवाज होत असेल, तर व्हेंट पाइप (ड्रेनेजची हवा छताच्या वर सोडणारा उभा पाइप) बसवलेला नाही किंवा तो चोंदलाय.

दक्षिणेला घाबरणे आणि पश्चिम मोकळी सोडणे

“वास्तूप्रमाणे नैऋत्यच पाहिजे बघा साहेब,” हे वाक्य ठरलेलं असतं. हरकत काहीच नाही. फक्त नैऋत्येच्या खोलीला दोन भिंती असतात आणि त्या दोघींचं वागणं वेगळं असतं, हे ध्यानात ठेवा.

सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे ११ मेच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि तिथून १ ऑगस्टपर्यंत भर दुपारचा सूर्य थोडा उत्तरेकडेच असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीत दुपारचं ऊन येतच नाही. मार्चमधलं येतं, त्याला दोन फुटांचा छज्जा पुरतो. थंडीत तिथूनच कोवळं ऊन मिळतं. पश्चिमेचं मात्र तसं नाही. तीन-चार वाजल्यानंतरचा सूर्य खाली उतरलेला असतो, छज्जा त्याला अडवू शकत नाही, आणि नऊ इंची विटांची भिंत जी तापते ती रात्री अकरा-बारापर्यंत आत उष्णता सोडत राहते. नेमकं त्याच भिंतीला डोकं करून पलंग टाकलेला असतो.

पलंग तिथून हलवा. पश्चिमेकडे ड्रेसिंग किंवा टॉयलेट द्या, निदान भिंतभर कपाट तरी. झोपायची खोली आत सरकते, कोपरा नैऋत्येचाच राहतो, आणि वास्तू बघणाऱ्यांशी वाद घालावा लागत नाही. पश्चिमेची खिडकी पूर्ण बंद करू नका, कारण पावसाळ्याचा वारा त्याच बाजूनं येतो. लहान आणि उभी ठेवा, तिला उभ्या पट्ट्या किंवा बाहेरून झडप द्या. प्लॉटमध्ये चार फूट माती उरली असेल तर त्या बाजूला एक कडुनिंब लावा, पण पाया आणि ड्रेनेजपासून लांब.

वरचा स्लॅब हे आणखी एक तापणारं अंग. विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर पांढरी चायना मोझॅक याचा खर्च एसीच्या किमतीत धरून बघा, मग महाग वाटत नाही.

आपल्याकडे कोरडी हवा असल्यामुळे कूलर छान चालतो, पण एकाच खिडकीच्या खोलीत तो कुचकामी. आत ढकललेल्या हवेला बाहेर जायला वाट नसेल तर दोन तासांत गादी चिकट लागते. कूलर असेल तर समोर दुसरी खिडकी हवी, एसी असेल तर फटी बुजवलेल्या हव्यात. काय घेणार हे आधी ठरवा.

बाहेरची मापं आतली समजणे

१२ बाय १४ ही मापं बाहेरून धरली, तर दोन्हीकडच्या नऊ इंची भिंती वजा जाऊन आत साडेदहा बाय साडेबारा उरतं. मोठा पलंग ६ बाय साडेसहा फुटांचा. पायाशी कपाट ठेवायचं म्हटलं तर पलंगाची लांबी साडेसहा, कपाटाचं दार उघडून उभं राहायला तीन, कपाटाची खोली दोन, एकूण साडेअकरा. साडेदहा फुटांच्या बाजूला हे बसतच नाही, साडेबाराच्या बाजूला बसतं. पलंग तसा फिरवला की दोन्ही कडांना सव्वादोन-सव्वादोन फूट उरतात, चालायला पुरेसे. ही बेरीज सुताराला करावी लागू नये.

टॉयलेट आतून पाच बाय आठ असलं की सुखाचं होतं. दाराजवळ बेसिन, मध्ये कमोड, शेवटी अंघोळीची जागा, म्हणजे ओलं पाणी दारापर्यंत येत नाही. कमोडच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना १५-१५ इंच मोकळे ठेवा. वृद्धांसाठी असेल तर दार तीन फुटी आणि बाहेर उघडणारं, कारण आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. माळा मात्र सोडू नका. चादरींची चळत किती वाढते हे सोलापूरकराला सांगायला नको.

पाया आखण्याच्या आदल्या दिवशी जमिनीवर फक्कीनं खोली पूर्ण मापात मारून बघा, दारांसकट. पलंगाच्या जागी खरंच एक चटई टाका आणि घरातल्या बायकांना आत फिरायला सांगा. नकाशा न कळणारेही तिथे बरोबर चुका काढतात.

पाणी आणि वीज

नळाला पाणी काही दिवसांआड येतं, हे धरूनच टाकी वाढवा. माणशी दिवसाला १३५ लिटर हा सर्वसाधारण हिशेब आहे. दोन माणसं आणि चार दिवस म्हणजे १,०८० लिटर. हजार लिटरच्या टाकीचं भरल्यावर वजन एक टन होतं, ती स्लॅबच्या मध्यावर न ठेवता बीम-कॉलमवर घ्या. दहा फुटी स्लॅबवर चार फुटी स्टँड आणि शॉवर सात फुटांवर असेल तर दाब मिळतो सात फुटांचा. मोठा गोल शॉवर तेवढ्यावर थेंबथेंबच पडेल. स्टँड वाढवा किंवा प्रेशर पंप लावा. बोअरचं पाणी जड असेल तर गिझरला शक्यतो नळाच्या पाण्याची वेगळी लाइन द्या.

विजेचे पॉइंट पलंगाची जागा पक्की झाल्यावरच काढा. पलंगाच्या दोन्ही कडांना सॉकेट आणि टू-वे स्विच, एसी आणि गिझरला स्वतंत्र वायर आणि एमसीबी.

जुनं-नवं एकजीव करण्याचा मोह

त्याआधी परवानगी. २०२० पासून लागू झालेली राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली सोलापूर महापालिकेलाही लागू आहे. सामासिक अंतरात, म्हणजे प्लॉटच्या कडेनं मोकळ्या सोडायच्या जागेत खोली घुसवली तर पुढे कर्ज, विक्री, सगळीकडे अडतं. प्लॉट गुंठेवारीचा असेल तर आधी त्याचं नियमितीकरण बघा.

आता सांधा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. जुनं घर तिच्यावर बसून स्थिरावलेलं असतं, नवं नुकतंच बसणार असतं. दोन्ही भिंती एकमेकींत गुंफल्या की पहिल्या-दुसऱ्या वर्षी उभी भेग ठरलेलीच. नव्या कॉलमचे खड्डे पक्क्या मुरुमापर्यंत न्या, पण जुन्या पायाच्या खाली खोदून त्याला उघडं पाडू नका. दोन्ही बांधकामांमध्ये इंचभर सांधा सोडा, वरून पाणी जाणार नाही असा झाका. मधली भिंत लोडबेअरिंग, म्हणजे वरच्या स्लॅबचं वजन पेलणारी असेल तर दार काढण्याआधी वर बीम हवा. गवंडी “काय होत नाही ओ” म्हणाला तरी इंजिनिअरला बोलवा.

भेग पडलीच असेल तर लगेच पुट्टी भरू नका, ती पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडते. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं खूण करून तारीख लिहा आणि एक उन्हाळा, एक पावसाळा बघा. उघडझाप होत असेल पण लांबी वाढत नसेल, तर ती मातीची हालचाल आहे. भेग व्ही आकारात उघडून लवचिक सीलंट भरा आणि वरून एका बाजूलाच स्क्रू केलेली पट्टी लावा, म्हणजे भिंतींना हलायला वाव राहतो. खुणेच्या पुढे सरकत असेल, तिरपी जात असेल किंवा शेजारचं दार अडकायला लागलं असेल, तर रंगकाम थांबवा आणि आधी पाया तपासून घ्या.