इन्शुरन्स नाही म्हणून मॅमोग्राम पुढे ढकलू नका (अमेरिकेत नवीन आलेल्या बायकांसाठी)

नवीन आलेल्या मैत्रिणींशी बोलताना एक गोष्ट सारखी जाणवते, घर, शाळा, लायसन्स सगळं मार्गी लावतात पण स्वतःची तपासणी मात्र "इन्शुरन्स मिळाला की बघू" म्हणून राहून जाते. तर नीट ऐका, इथे सीडीसीच्या (केंद्र सरकारच्या आरोग्यसंस्थेच्या) पैशातून 1991 पासून कमी उत्पन्नाच्या बायकांसाठी एक कार्यक्रम चालू आहे ज्यात मॅमोग्राम (स्तनांचा एक्स-रे) आणि पॅप टेस्ट (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी) फुकट किंवा अगदी कमी पैशात होते. प्रत्येक राज्यात त्याचं नाव वेगळं, कॅलिफोर्नियात एव्हरी वुमन काउंट्स, आमच्या न्यू जर्सीत एनजेसीड, आणि इथे 21च्या 21 काउंट्यांत (जिल्ह्यांत) त्याची सोय आहे. तुमच्या राज्यातलं नाव माहीत नसेल तर 211 या मदतीच्या नंबरला फोन लावा, ते सांगतात.

आता "लो इन्कम म्हणजे आपण नाही" असं परस्पर ठरवू नका हो! उत्पन्नाची केंद्राची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या अडीचपट आहे, म्हणजे 2025 च्या आकड्यांनी चौघांच्या घराला वर्षाला 80,375 डॉलर. काही राज्यांत ती कमी, दारिद्र्यरेषेच्या दुप्पटच आहे, पण तरी एका पगारावर चाललेली कितीतरी घरं यात बसतात. इन्शुरन्स असून डिडक्टिबल (इन्शुरन्स लागू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम) परवडत नाही अशांनीही विचारावं. साधारण वय मॅमोग्रामला 40 ते 64, पॅपला 21 ते 64, आणि त्याच्या आधी गाठ लागली किंवा काही वेगळं वाटलं तर थांबू नका, लगेच फोन करा.

फोनवर इंग्रजीची भीती वाटत असेल तर सरळ "मराठी इंटरप्रीटर" मागा, फुकट मिळतो, नवऱ्याला किंवा मुलाला मधे घालायची गरज नाही, काही गोष्टी त्यांच्यासमोर बोलवतही नाहीत. मॅमोग्रामच्या दिवशी डिओ, पावडर लावू नका, फिल्मवर ठिपके दिसतात. भारतातले जुने रिपोर्ट असतील तर न्या. आणि परत बोलावलं तर घाबरून जाऊ नका, दहातल्या एकीला बोलावतात आणि बहुतेकींना काही निघत नाही, पण जायचं मात्र नक्की.

आजार निघालाच तर 2000 सालच्या कायद्यामुळे या कार्यक्रमातल्या बायकांना उपचारासाठी मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी इन्शुरन्स) मिळू शकतं. पण तिथे इमिग्रेशन स्टेटस बघतात, नवीन ग्रीन कार्डवाल्यांना बऱ्याच राज्यांत 5 वर्षं थांबावं लागतं, म्हणून तपासणीच्या वेळीच "पुढे काही निघालं तर माझ्या स्टेटसवर काय मिळेल" हे स्पष्ट विचारून घ्या.

हार्टचं तर आपण धरतच नाही, ती पुरुषांची काळजी असं समजतो, आणि याचं मला फार वाईट वाटतं कारण दक्षिण आशियाई असणं हीच इथले डॉक्टर जोखीम वाढवणारी गोष्ट मानतात. काही राज्यांत वाइजवुमन नावाचा जोडकार्यक्रम आहे, त्यात बीपी, कोलेस्टेरॉल, शुगर बघतात आणि खाणं-व्यायामाबद्दल नीट बसून बोलतात. पॅपची अपॉइंटमेंट घेतानाच "तुमच्याकडे वाइजवुमन आहे का" विचारा. आपल्या लोकांना वजन फार नसतानाही डायबेटीस होतो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 23 किंवा त्याच्या वर असेल तर शुगर तपासाच. आणि छातीत न दुखता नुसता दम लागला, जबडा-पाठ दुखली, मळमळलं तरी तो हार्ट अटॅक असू शकतो, अशा वेळी अॅसिडिटी म्हणून पडून राहू नका, 911 हा इमर्जन्सीचा नंबर लावा, इन्शुरन्स नसला तरी इमर्जन्सीत तपासावंच लागतं त्यांना.