शिरोलीच्या गेटमधून आत कसं जायचं

दरवर्षी मे महिना आला की कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमच्या कारखान्याच्या वॉचमनमामांची वही डिप्लोमाच्या पोरांनी भरून जाते. सगळ्यांच्या हातात 'टू हूमसोएव्हर इट मे कन्सर्न' लिहिलेलं कॉलेजचं पत्र आणि तोंडात एकच प्रश्न, "सर, इंटर्नशिप मिळंल काय?" मी आता गेटच्या आत बसते, क्वालिटीला. 2019 मध्ये बाहेर उभी होते आणि सात कारखान्यांतून हात हलवत परत आले होते. माझ्या चुका तुम्ही करू नयेत म्हणून हे लिहितेय.

आमची आय स्कीम होती, म्हणजे डिप्लोमाचा जुना अभ्यासक्रम, त्यात सहा आठवड्यांचं ट्रेनिंग. एमएसबीटीईच्या (राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाच्या) नव्या के स्कीममध्ये चौथ्या सेमिस्टरनंतर 12 आठवडे आहेत. सहा आठवडे मशीनशेजारी हाताची घडी घालूनही निघतात. 12 आठवडे तसे काढायचे म्हणजे शिक्षाच. म्हणून जागा शोधतानाच तिथं हाताला काम मिळेल का ते बघायचं.

शोधायला फेब्रुवारीत लागा. मेमध्ये आख्ख्या जिल्ह्यातली कॉलेजं एकदम सुटतात आणि ज्या शॉपला (लहान कारखान्याला) दोन पोरं हवी असतात तिथं चाळीस जातात. फेब्रुवारीत गेलात तर साहेब निदान "परीक्षा झाली की फोन कर" म्हणतात, आणि खरंच आठवण ठेवतात. एप्रिलमध्ये एकदा स्वतःहून फोन करा.

कुठं जायचं? कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या मोठ्या कंपन्यांत कॉलेजमार्फत सोय होत असेल तर टीपीओ (कॉलेजचं प्लेसमेंट बघणाऱ्या) सरांकडे नाव देऊन ठेवा. पण त्या एकाच आशेवर बसू नका. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि शहरातलं उद्यमनगर इथं पन्नास-शंभर माणसांच्या फाउंड्री (ओतकामाचे कारखाने) आणि मशीन शॉप गल्लोगल्ली आहेत, आणि मेकॅनिकलवाल्याला शिकायला माझ्या मते तीच जागा बरी. मोठ्या कंपनीत तुम्हाला पिवळ्या पट्ट्यामागं उभं करतात. लहान शॉपमध्ये दुसऱ्या दिवशी कुणीतरी हातात व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) देतं, कारण त्यांच्याकडं माणूस कमी असतो. शिरोलीत 'स्मॅक' आणि गोकुळ शिरगावात 'गोशिमा' या कारखानदारांच्या संघटना आहेत. त्यांच्या ऑफिसात जाऊन कुणाकडं कास्टिंग होतं, कुणाकडं मशीनिंग, ते विचारा.

माझ्या पहिल्या सात नकारांतले बहुतेक एकाच कारणानं आले. वॉचमन विचारायचा, "कुणाला भेटायचंय?" आणि मी म्हणायचे, "एचआरला." लहान शॉपमध्ये एचआर नावाचं कुणी नसतंच. आठव्या वेळी मी आधी समोरच्या टपरीवर चहा घेतला आणि टपरीवाल्या काकांना विचारलं, आत क्वालिटी कोण बघतं. त्यांनी आडनाव सांगितलं. गेटवर ते आडनाव घेतलं तर मामांनी वहीत सही घेऊन सरळ आत सोडलं. वेळ अकराच्या पुढची धरा. महिनाअखेरीला जाऊच नका, डिस्पॅचच्या गडबडीत देवाला सुद्धा कुणी बसा म्हणत नाही. आणि सुट्टी रविवारीच असेल असं धरून चालू नका. माझ्या त्या शॉपला सोमवारी होती.

आत गेल्यावर काय झालं ते नीट सांगते. साहेबांनी माझा बायोडाटा उलटा ठेवला, टेबलावरचा एक मशीन केलेला बुश (पोकळ गोल पार्ट) पुढं सरकवला, व्हर्निअर दिला आणि म्हणाले, "ओडी मोज की." ओडी म्हणजे बाहेरचा व्यास. मी मोजला, लीस्ट काउंट (व्हर्निअरवर वाचता येणारं सगळ्यात लहान माप) 0.02 मिलिमीटर, सगळं पाठ होतं. ऐटीत सांगितलं, "42.06." ते म्हणाले, "झिरो बघितलास काय गं?" मी जबडे मिटवून बघितलं. मिटलेल्या जबड्यांवरच 0.06 दिसत होतं, तेवढी एरर! म्हणजे बुश बरोबर 42 चा होता आणि चुकले होते मी. मला वाटलं, आठवा नकार. पण मी तिथंच म्हणाले, "सर, परत मोजते," आणि तीन ठिकाणी फिरवून मोजला. साहेब म्हणाले, "20 तारखेपासून ये." तर जायच्या आधी लॅबमध्ये जाऊन व्हर्निअर आणि मायक्रोमीटर हातात घ्या, ड्रॉइंगवरचा टॉलरन्स (मापात किती फरक चालतो ते) वाचता येतोय का बघा. बायोडाटा एक पान पुरे.

त्याआधी दोन ठिकाणी "मुलींना शॉपवर ठेवत नाही" हेही ऐकलं होतं. तिथं वाद घालण्यात मी वेळ घालवला नाही. मुलींनी तीन गोष्टी पहिल्याच भेटीत विचाराव्यात: जनरल शिफ्ट मिळेल का, लेडीज टॉयलेट आहे का, शॉपवर अजून कुणी बाई आहे का. यात लाजायचं काही नाही. माझ्या आईनं तर वडगावहून फोन करून साहेबांनाच विचारलं होतं.

होकार मिळाला की कॉलेजमधून नवं पत्र घ्या. कंपनीचं नाव, तारीख कुठून कुठपर्यंत, तुमचा रोल नंबर, सगळं त्यात हवं. अपघात विमा कॉलेजचा आहे की कंपनीचा, हे दोन्हीकडं विचारा, कारण दोघंही समजतात की दुसऱ्याचा आहे. सेफ्टी शूज स्वतःचे घ्यावे लागतील. फेटलिंगजवळ (कास्टिंग घासून साफ करतात तिथं) साध्या बुटांत फिरू नका, ठिणगी आणि बर (धातूची धारदार कपची) दोन्ही पायावरच येतात.

पैशाचं सरळ विचारा: "सर, जाण्यायेण्याचं काही मिळेल का?" मला महिन्याला काही नव्हतं, चहा आणि दुपारचं जेवण होतं, शेवटी पाकिटात दोन हजार दिले. पण उलटे पैसे मागणाऱ्यांकडं जाऊ नका. तीन-चार हजार घेऊन घरबसल्या सर्टिफिकेट देणारे आहेत. तसलं सर्टिफिकेट घेऊन आलेल्या पोराला मी आता माप बरोबर आहे का तपासायच्या गेजमधला गो कुठला आणि नो-गो कुठला ते विचारते, तेवढ्यावर समजतं.

पहिल्या आठवड्यात एक काम मागून घ्या. "सर, शिकायला आलोय" म्हटलं की तुम्हाला झाडाखाली बसवतात. मी रिजेक्शनचं रजिस्टर मागितलं. रोज नाकारलेल्या कास्टिंगवर ब्लोहोल (ओतताना वायू अडकून पडलेलं भोक) कुठं आहे ते वहीत चित्र काढून टिपायचं. शोध वगैरे काही लागला नाही, पण चौथ्या आठवड्यात मोल्डिंगचे मिस्त्री वही बघायला स्वतः आले. व्हायव्हाला मला त्या वहीच्या बाहेरचं काही विचारलंच नाही. फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका, कस्टमरचा पार्ट असतो.

काम आवडलं तर जायच्या आधी पुढचंही बोलून ठेवा. डिप्लोमा पास झाल्यावरची एक वर्षाची अप्रेंटिसशिप वेगळी, 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखाली. तिची नोंदणी केंद्र सरकारच्या नॅट्स पोर्टलवर होते, आणि ठरलेल्या किमान स्टायपेंडमधला निम्मा वाटा केंद्र सरकार उचलतं. बऱ्याच लहान मालकांना हे माहीतच नसतं. तुम्हीच सांगा.

आणि सर्टिफिकेट शेवटच्या दिवशी, लेटरहेडवर, सहीशिक्क्यासकट हातात घेऊनच गेट सोडा. मला "सही राहिलीय, पुढच्या आठवड्यात ये" म्हणाले. जुलै तसाच गेला. ऑगस्टमध्ये महापूर आला, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, वडगावहून तिकडं जायची सोयच राहिली नाही. कॉलेजात सरांच्या हातापाया पडून मुदत मागितली. सप्टेंबरात एकदाचं सर्टिफिकेट मिळालं, तर त्यात माझ्या नावापुढं 'मिस्टर' छापलेलं.