जांभळी वायर मोजल्याशिवाय मदरबोर्डला दोष देऊ नका

काल रात्रीपर्यंत चालणारा पीसी सकाळी बटण दाबल्यावर हूं की चूं करत नाही, असा फोन येतो तेव्हा समोरच्याने एक काम हमखास उरकलेलं असतं: रॅम काढून खोडरबराने पुसलेली असते. हे कोणी शिकवलं देव जाणे. रॅम बिघडली तर सहसा पंखे फिरतात, दिवे लागतात, फक्त स्क्रीनवर काही येत नाही. तुमचा पंखाच हलत नसेल तर रॅमला हात लावू नका. विंडोज नव्याने टाकायला सांगणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

सॉकेटला मोबाईलचा चार्जर लावून बघा. यूपीएस आणि एक्सटेंशन बोर्ड बाजूला ठेवून पीसी थेट भिंतीत लावा, शक्यतो दुसऱ्या केबलने. बऱ्याच मॉनिटरची केबल तीच असते. एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, मागचा छोटा स्विच बघा. केर काढताना झाडू लागून तो बंद होतो. त्या एका स्विचसाठी मी चार जिने चढून गेलोय. मग केबल काढून पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि पुन्हा लावा. लाइट गेली-आली की एसएमपीएस कधीकधी स्वतःला लॉक करून घेतो, तो एवढ्याने सुटतो.

पुढे कॅबिनेटचं बटण. मदरबोर्डच्या कडेला बारीक वायरींचा झुबका असतो, त्यातला ‘पॉवर एसडब्ल्यू’ लिहिलेला कनेक्टर उपसा आणि त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा. पीसी चालू झाला तर बटण गेलंय. रिसेटच्या वायरी तिथे लावा, काम भागलं.

आता खरी गोम. इथे सगळे एकच उपाय सांगतात: एसएमपीएसचा २४ पिनांचा कनेक्टर मदरबोर्डातून काढा, हिरवी वायर आणि काळी वायर पेपरक्लिपने जोडा, पंखा फिरला तर एसएमपीएस चांगला. मीही हेच करायचो. ऐन लग्नसराईत एका छापखान्याचा डीटीपीचा पीसी बंद पडला. पत्रिका अडकलेल्या, मालक डोक्यावर उभा. क्लिप लावली, पंखा भिरभिरला, मी छातीठोकपणे मदरबोर्ड गेल्याचं सांगितलं. धावपळ करून वापरलेला बोर्ड आणून बसवला. परिस्थिती जैसे थे. तिसऱ्या दिवशी मीटर काढला, तेव्हा जांभळ्या वायरवर ५ च्या जागी ४.१ व्होल्ट. बोर्डाचे पैसे माझ्या खिशातून गेले.

पंखा फिरणं हा पुरावाच नाही. लोड नसताना, म्हणजे पुढे काही जोडलेलं नसताना, मरायला टेकलेला एसएमपीएससुद्धा पंखा फिरवतो. उलट काही चांगल्या एसएमपीएसचा पंखा तापल्याशिवाय फिरतच नाही, म्हणजे तोही भंगारात जायचा. साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, डीसी २० व्होल्टवर ठेवा. २४ पिनांचा कनेक्टर बोर्डातच राहू द्या. काळा प्रोब (मीटरचं टोक) कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला, लाल प्रोब कनेक्टरच्या मागून वायरीच्या कडेने आत. दोन पिनांना एकदम टेकवू नका.

पहिली जांभळी. भिंतीतलं बटण चालू असेल तर पीसी बंद असतानाही तिच्यावर ५ व्होल्ट हवेत, ४.७५ ते ५.२५ चालतील. याच व्होल्टेजवर बोर्ड तुमचं बटण ‘ऐकतो’. बोर्डावरचा बारीक दिवा लागलाय म्हणून खूश होऊ नका, तो ४ व्होल्टवरही लागतो. त्या छापखान्यात लागलेलाच होता. रीडिंग कमी असेल तर भिंतीतलं बटण बंद करून कनेक्टर उपसा, बटण चालू करा आणि पुन्हा मोजा. तरीही कमीच असेल तर एसएमपीएस गेला. मोकळ्यावर ५ आणि बोर्डात लावल्यावर कमी, असं असेल तर दोघांपैकी कोणीही चोर असू शकतो. यूएसबीचं सगळं काढून बघा, नाहीतर कोणाचा तरी चालू एसएमपीएस तासभर मागून आणा. त्याआधी बोर्ड विकत घेऊ नका.

जांभळी ठीक असेल तर हिरवी. बटण दाबण्याआधी तिच्यावर ३ ते ५ व्होल्टच्या दरम्यान काहीतरी असतं, दाबलं की जवळजवळ शून्य व्हायला हवं. होत नसेल आणि बटणाच्या पिना तुम्ही आधीच तपासल्या असतील, तर संशय बोर्डावर. हिरवी शून्यावर गेली, पण पिवळीवर १२ व्होल्ट येत नसतील, तर एसएमपीएस, नाहीतर पुढे कुठेतरी शॉर्ट.

शॉर्टची खूण म्हणजे पंखा एक गिरकी घेऊन थांबतो. दर वेळी भिंतीतलं बटण बंद करून एकेक वस्तू काढा: ग्राफिक्स कार्ड, हार्ड डिस्क, पुढच्या यूएसबीची वायर. शेवटी प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा कनेक्टर. तो काढल्यावर पंखे फिरत राहिले तर बहुधा बोर्डाचा पॉवर सेक्शन जळालाय, आणि तिथे पैसे घालवू नये असं माझं मत. पावसाळ्यात आत मेलेली पाल सापडली तर दचकू नका, मला दोनदा सापडलीय.

काही ब्रँडेड पीसींत कनेक्टरच वेगळा असतो, तिथे हा रंगांचा हिशोब लागू नाही. सगळ्याच वायरी काळ्या असतील तर पिनांचं चित्र समोर ठेवूनच मोजा.

आणि एसएमपीएसचा डबा उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतात, केबल काढल्यावरही काही काळ राहतात. फुगलेला कपॅसिटर बदलून देतो म्हणणारा ओळखीचा असला तरी मी नवाच घेतो.

नवा घेतलात आणि त्याच्या वायरी सुट्या लागणाऱ्या असतील, तर जुन्याच्या वायरी ‘आधीच ओवून ठेवल्यात’ म्हणून तशाच ठेवू नका. हार्ड डिस्ककडचं टोक सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या पिनांचा क्रम कंपनीनुसार, कधी मॉडेलनुसारही वेगळा असू शकतो. ५ च्या जागी १२ व्होल्ट गेले की डिस्क जळते, आणि पीसीत परत न मिळणारं तेवढंच असतं.