अँटासिडची गोळी आणि उडून जाणारा गुलाबी रंग

ठाण्यातल्या कॉलेजच्या लॅबमध्ये मी 500 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटची अँटासिड गोळी तपासत होते. गोळी पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून ती कुटून 0.5 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाच्या 25 मिलीत टाकायची आणि उरलेलं आम्ल 0.1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने मोजायचं. ब्युरेट (हायड्रॉक्साइड थेंब थेंब सोडायची मापाची नळी) 31 मिलीवर गेलं. म्हणजे आम्ल जास्त उरलं होतं, गोळीत कार्बोनेट फक्त 470 मिलिग्रॅम! शिवाय आम्ल संपल्याची खूण देणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग सारखा उडत होता.

गोळीला दोष देणार होते, तेवढ्यात लॅबमधले काका म्हणाले, "अगं, उकळलंस का?"

नव्हतं उकळलं. कार्बोनेट आणि आम्लातून तयार होऊन द्रावणात विरघळलेला कार्बन डायऑक्साइडच हायड्रॉक्साइड खात होता. नवी गोळी घेतली, आम्लात पूर्ण विरल्यावर पाच मिनिटं मंद उकळलं, गार केलं. या वेळी ब्युरेट 25.4 मिली. 498 मिलिग्रॅम. रंगही टिकला, किती बरं वाटलं!