एसक्यूएस रांगेतील संदेश समांतर कसे हाताळावेत

ॲमेझॉनच्या एसक्यूएसवर, म्हणजे प्रोग्रामांमधले संदेश रांगेत साठवणाऱ्या सेवेवर, स्टँडर्ड क्यू (साधी रांग) आणि तिच्या जोडीला डेड लेटर क्यू, म्हणजे वारंवार फसलेले संदेश बाजूला ठेवणारी रांग, तुम्ही तयार केलेली आहे, असे गृहीत धरतो. संदेश मागवताना प्रतीक्षेचा काळ २० सेकंद ठेवावा, म्हणजे रिकाम्या रांगेला सारखे विचारत बसावे लागत नाही. मग चार थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये समांतर चालणारे कामाचे चार धागे, सुरू करावेत.

खरी मेख व्हिजिबिलिटी टाइमआउटमध्ये आहे. वाचलेला संदेश रांगेतून जात नाही. तो काही काळ इतरांपासून फक्त लपवला जातो, आणि तेवढ्या अवधीत आपण तो डिलीट केला नाही, तर दुसऱ्या थ्रेडच्या हाती पडतो. बदलला नाही तर हा अवधी ३० सेकंदांचा असतो. ‘एका विनंतीत १० संदेश मिळतात, तर दहाही घ्या’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि मीही तो डोळे मिटून पाळला होता. आमच्याकडे एक संदेश म्हणजे एक बिल; त्याची पीडीएफ बनवून ग्राहकाला मेल करायला १२ सेकंद लागत. चार थ्रेडनी पहिली चार बिले बाराव्या सेकंदाला संपवली, पुढची चार चोविसाव्या सेकंदाला, आणि उरलेली दोन व्हायला छत्तिसावा सेकंद उजाडला; ती दोन मात्र तिसाव्या सेकंदालाच रांगेत पुन्हा दिसू लागली होती. लॉगमध्ये एकही एरर नव्हती, आणि ग्राहक विचारत होते की तेच बिल दोनदा का आले. घड्याळ संदेश हाती आल्यापासून चालते, काम सुरू केल्यापासून नव्हे.

म्हणून जितके थ्रेड मोकळे असतील, तितकेच संदेश मागवावेत. टाइमआउट सरसकट कमाल मर्यादेवर, म्हणजे १२ तासांवर, नेऊन ठेवण्याचा उपाय मला मुळीच मान्य नाही, कारण प्रोग्राम मध्येच बंद पडला तर तो संदेश तितके तास अडकून राहतो. काम लांबलेच, तर चालू असतानाच त्या एका संदेशाची मुदत वाढवून घ्यावी.

डिलीट काम पूर्ण झाल्यावरच करावे. एवढे करूनही स्टँडर्ड क्यू एखादा संदेश क्वचित दोनदा देतेच, तेव्हा मेल पाठवण्याआधी बिल क्रमांकाची नोंद डेटाबेसमध्ये युनिक अटीसह, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा नोंदताच येणार नाही अशी, करावी. संदेशाच्या आयडीवर विसंबू नये. पाठवणाऱ्यानेच तेच बिल दोनदा टाकले, तर आयडी वेगळे येतात.

डेड लेटर क्यूची साठवण मुदत मात्र ४ दिवसांवरून १४ दिवस करावी, कारण तिथेही संदेशाचे वय तो मूळ रांगेत आल्यापासूनच मोजले जाते.