खोट्या पाट्यांचा हिशेब आधी: आभासी गडावरच्या तासाची तयारी

आठवी-नववीच्या मुलांना माहिती तपासायला शिकवायचं आणि त्यासाठी कॉम्प्युटर लॅबमध्ये, खेळात, एक आभासी गड उभा करून त्यावरच्या पाट्यांवरची विधानं खरी की खोटी ते मुलांना शोधायला लावायचं असं ठरलं असेल, तर तयारीची सुरुवात गडापासून करू नका. सगळे तिथूनच करतात. तटबंदी होते, बुरूज होतात, महादरवाजाला खिळेसुद्धा बसतात, आणि पाट्यांवर लिहायचं काय हे आदल्या रात्री अकराला ठरतं. आधी एक वही घ्या. तिच्यात बारा विधानं लिहा. प्रत्येकापुढे खरं, खोटं की अर्धवट, कशावरून, आणि मुलांना ते कुठे सापडू शकेल. वही पूर्ण झाल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही, आणि वही टेबलावर उघडी ठेवायची नाही.

बारा अशासाठी, की ११ जुलै २०२५ रोजी पॅरिसच्या बैठकीत युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेले मराठा लष्करी किल्ले बारा आहेत, आणि या विषयात मुलांना आपल्याला सगळं माहीत आहे असं वाटतं. तपासणीच्या तासाला असाच विषय हवा. ‘बाराही किल्ले महाराष्ट्रात आहेत’ ही पाटी निम्मा वर्ग न थांबता खरी ठरवतो. जिंजी तमिळनाडूत आहे. ‘साल्हेर हे राज्यातलं सर्वांत उंच शिखर’ हे अर्धवट: साल्हेर १५६७ मीटर, किल्ल्यांमध्ये सर्वांत उंच, पण शिखर म्हणाल तर कळसूबाई १६४६ मीटर. ‘बाराही किल्ले केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत’ हेही अर्धवट. आठ तिकडे आहेत. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. अशी अर्धवट विधानं सोन्यासारखी जपा. निव्वळ थाप मुलं वासावरून ओळखतात, तिच्यात शिकण्यासारखं काही नसतं.

महाराजांविषयी एकही खोटी पाटी नको. कारण सांगत बसत नाही. धर्म, जात, औषधं, परीक्षेच्या तारखा, शिष्यवृत्त्या यांवरही नको. आणि लोकांना काहीतरी करायला लावणारी खोटी पाटी तर मुळीच नको: नोंदणी करा, फॉर्म भरा, अमुक तारखेच्या आत. असली पाटी सर्वांत वेगाने पळते.

आता मुख्य मुद्दा. बारापैकी खोट्या पाट्या किती, त्या कोणत्या, आणि मुलं घरी जाण्याआधी त्या खोट्या आहेत हे सगळ्यांदेखत कोण आणि किती वाजता सांगणार, हे आधी लिहून ठेवा. किती वाजता, तेही. माझ्या पहिल्या खेपेला हेच राहिलं. घंटा झाली, व्हॅनवाले हॉर्न द्यायला लागले, मुलं पळाली, आणि ‘वारसा यादीतल्या गडावर जायचं तर युनेस्कोकडे आधी नोंदणी सक्तीची’ ही मीच रचलेली पाटी संध्याकाळपर्यंत पालकांच्या ग्रुपवर शाळेच्या नावाने फिरत होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोन: रायगडला जायचंय, लिंक पाठवता का? माहिती साक्षरतेचा उपक्रम!

म्हणून खोट्या पाट्यांचा हिशेब. पुढे पुन्हा सांगणार आहे.

सॉफ्टवेअर. माइनक्राफ्ट या ठोकळे रचून जग उभं करायच्या खेळाची शाळांसाठीची आवृत्ती चांगली आहे, पण तिला मायक्रोसॉफ्टचं शाळेचं खातं आणि परवाने लागतात. ते तुमच्याकडे असतील तर वापरा. नसतील तर लुआन्टी घ्या, तेही तशाच खेळाचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे आणि इंटरनेटशिवाय लॅबच्या नेटवर्कवर चालतं. ऑक्टोबर २०२४ पर्यंत याचंच नाव माइनटेस्ट होतं, त्यामुळे जुने व्हिडिओ त्या नावाने शोधा. विंडोजवर बसवायला लागत नाही. झिप फाइल उघडून फोल्डर पेन ड्राइव्हने प्रत्येक मशीनवर टाकलं की झालं. सगळीकडे आवृत्ती एकच हवी. सर्व्हर, म्हणजे बाकीची सगळी मशीन ज्याला जोडतात ते, तुमचं मशीन. खेळ आणि मॉड (खेळात भर घालणाऱ्या फाइली) फक्त तिथेच लागतात, बाकीची मशीन जोडताना हवं ते ओढून घेतात. पहिल्यांदा चालू करताना विंडोजची फायरवॉल परवानगी विचारते, तेव्हा घाईत ‘कॅन्सल’ दाबलंत तर मुलांच्या मशीनना सर्व्हर सापडणार नाही आणि तुम्ही अर्धा तास केबली हलवत बसाल. परवानगी नंतर हाताने द्यावी लागली तर: पोर्ट ३००००, यूडीपी. सर्व्हरचा आयपी पत्ता त्याच दिवशी सकाळी बघून फळ्यावर लिहा, आदल्या दिवशीचा चालेलच असं नाही. मुलांची नावं रोमन अक्षरांत, वर्ग आणि हजेरी क्रमांक. नाहीतर ‘किंग’ आणि ‘डॉन’ यांतला कोण कोण ते शोधत फिरावं लागतं.

इजा बंद, मारामारी बंद, दिवस-रात्र थांबवून कायमची दुपार. हे तिन्ही सेटिंगमध्ये आहे. पहिल्या अर्ध्या भागात ‘इंटरॅक्ट’ हा अधिकार काढून घ्या: मुलं फिरू शकतात, पाट्या वाचू शकतात, खणू शकत नाहीत. हे केलं नाही तर पाचव्या मिनिटाला बालेकिल्ल्याखाली भुयार असतं. चॅटही काढून घ्या, उत्तरं तिथूनच फुटतात. शेवटी दोन्ही परत द्या, ते त्यांचं बक्षीस.

गड साधा ठेवा. दिवाळीत अंगणात करतो तेवढाच, तेवढाच नेटका: एक दरवाजा, एक वाट, बारा ठिकाणं, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला मिनिटभरात पोचता येईल असा. प्रत्येक गटाची सुरुवात वेगळ्या पाटीपासून करा. सगळे पहिल्या पाटीपाशी जमले तर तिथे नुसती चेंगराचेंगरी, मग खरी भांडणं.

मराठी मजकूर. इथे सगळे अडकतात. लुआन्टीला देवनागरी नीट मांडता येत नाही: ‘किल्ला’ची वेलांटी क च्या आधी न येता नंतर येते, जोडाक्षरं सुटी होतात, फाँट नसेल तर नुसते चौकोन. पाट्यांवर इंग्रजी लिहू नका, मुलांचा तास भाषांतरात जातो. पाटीवर फक्त आकडा ठेवा, १ ते १२, आणि मजकूर कागदी कार्डांवर छापा. गडावर पाटी सापडली, आकडा सांगितला, की त्या आकड्याचं कार्ड गटाला मिळतं. उपाय उत्तम आहे. त्यातला धोका एवढाच की कागद खिशात जातो. कंपासपेटीत जातो. त्याचा फोटो निघतो.

म्हणून कार्ड रंगीत कागदावर, एकाच रंगाच्या. खऱ्या आणि खोट्या सगळ्या कार्डांवर खाली ठळक एकच ओळ: ‘सरावासाठी. तपासल्याशिवाय पुढे पाठवू नये.’ सगळ्यांवर असल्यामुळे उत्तर फुटत नाही, आणि एखादं कार्ड बाहेर गेलंच तरी सोबत इशारा घेऊन जातं. कार्ड देताना मोजा. घेताना मोजा. सहा गट आणि बारा कार्डं म्हणजे बहात्तर. परत एकाहत्तर आली तर दार उघडायचं नाही. हे मी गमतीने म्हणत नाही. आणि खोट्या मजकुराखाली खऱ्या संस्थेचं नाव स्रोत म्हणून घालू नका. ते कार्ड उद्या कोणाच्या हातात पडेल ते तुमच्या हातात नाही. ‘एक अभ्यासक’, ‘जाणकारांच्या मते’, ‘आलेला मेसेज’ असे पोकळ स्रोत घाला, ते ओळखणं हाच धड्याचा भाग.

आता तपासायचं कशात. गडावर उत्तर ठेवूच नका. मुलांना गडाबाहेर यायला भाग पाडायचं आहे. स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी दाखवलं होतं की व्यावसायिक तथ्य-तपासनीस एखाद्या पानावर रेंगाळत नाहीत. पटकन दुसऱ्या खिडक्या उघडून त्या पानाविषयी इतर काय म्हणतात ते बघतात. मुलं उलटं करतात, त्याच पानाचा रंग आणि लोगो बघून ठरवतात. म्हणून प्रत्येक गटाला एक मशीन खेळायला आणि एक ब्राउझरसाठी. मशीन कमी असतील तर गट मोठे करा, ब्राउझर काढू नका. शोधल्यावर सगळ्यात वर येणारं तयार उत्तर हा स्रोत धरायचा नाही, खालची दोन पानं उघडल्याशिवाय निकालाचा तक्ता (तो पुढे येतो) भरायचा नाही. नेट जाणार असं गृहीत धरून युनेस्कोच्या यादीतलं पान आणि सरकारी प्रसिद्धिपत्रक छापून ठेवा.

आणि पुस्तकं आणा. विश्वकोशाचे खंड गाडीवर घालून लॅबमध्ये न्या, धूळ पुसून. मुलं त्यात २०२५ ची घोषणा शोधतील, सापडणार नाही, मग खंड कधी छापला हे बघतील. हे मी कितीही सांगून कळत नाही, एकदा शोधून कळतं. जुनं गॅझेटियर, म्हणजे सरकारने छापलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ, असेल तर आणखी मजा. रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता. गेल्या वेळी एक मुलगी गॅझेटियरच्या खंडांच्या पाठीवरची नावं वाचत ‘रायगड नाहीच आहे’ म्हणून परत निघाली होती, तिला नुसतं ‘पहिलं पान वाच’ एवढंच म्हटलं. नंतर तिने तो खंड तास संपेपर्यंत सोडला नाही. असं एखादं कोडं मुद्दाम ठेवा.

तक्त्यात चार रकाने: पाटीचा आकडा, कुठे शोधलं, काय सापडलं, निकाल. निकालात खरं, खोटं, अर्धवट आणि ‘कळलं नाही’. ‘कळलं नाही’ला गुण द्या, कुठे कुठे शोधलं ते लिहिलेलं असेल तर पूर्ण गुण द्या. नाहीतर मुलं अंदाज ठोकतात.

तास जोडतासच हवा, एका तासिकेत होत नाही. शक्यतो शेवटच्या दोन तासिका घेऊ नका. घंटा आणि खोटी पाटी यांची शर्यत लावली तर घंटा जिंकते.

जोडतासातली शेवटची वीस मिनिटं खोट्या पाट्यांची. मोबाइलवर गजर लावा, गजर झाला की गडावर कोणी कितीही रमलं असेल, सर्व्हर बंद. स्क्रीन काळे झाले की ओरड होते, होऊ द्या. मग पाटी एकेक घ्या. आधी खरं काय ते सांगा, मग पाटीवर काय होतं ते एकदाच, मग पुन्हा खरं. क्रम उलटा नको. वाक्य वारंवार कानावर पडलं की ते खरं वाटायला लागतं, हे मानसशास्त्रज्ञांनी १९७७ सालीच नोंदवलंय, आणि तुमची पाटी मुलांनी तासभर घोळवलेली असते. खोट्या कार्डावर लाल फुली मुलांकडूनच मारून घ्या, सगळ्यांसमोर. अर्धवट कार्डावर चुकीचे शब्द खोडून बरोबर लिहायला लावा. त्या दिवशी गैरहजर किंवा मध्येच उठून गेलेल्यांची नावं टिपून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर त्यांना गाठा. लवकर गेलेलं मूल खोटी पाटी घेऊनच गेलेलं असतं.

पालकांच्या ग्रुपवर त्याच संध्याकाळी वर्गशिक्षकांकरवी दोन ओळी: आज असा उपक्रम झाला, काही विधानं मुद्दाम चुकीची होती, त्यांची बरोबर उत्तरं ही. चुकीचं विधान त्या मेसेजमध्ये लिहू नका, फक्त बरोबर उत्तर. नाहीतर तेवढीच ओळ कापून पुढे जाते.

बाकी किरकोळ. सर्व्हरच्या मशीनला यूपीएस. गडाच्या फोल्डरची प्रत पेन ड्राइव्हवर. माउस चालतात का बघा. लॅबच्या सरांना आधी विचारा, नंतर नाही. शिपाईमामांना सांगून ठेवा की दोन तासिका कोणी नोटीस घेऊन आत यायचं नाही. हेडफोन नकोत.

आठवड्याने पुढचा टप्पा: प्रत्येकाने घरी आलेला एक फॉरवर्ड आणायचा, पाठवणाऱ्याचं नाव-नंबर झाकून, आणि तोच तक्ता भरायचा. ‘जन गण मन’ला युनेस्कोने जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं, हा कोणीतरी आणतोच, युनेस्कोने ते केव्हाच नाकारलेलं आहे, आणि ते शोधून काढायला मुलांना फार वेळ लागत नाही. काकांना उलट मेसेज करायचा का हे त्यांचं त्यांनी ठरवू दे.

अहवालाला फोटो लागतात. मुलं आणि स्क्रीन दिसतील असे काढा. कार्ड हातात धरून उभं राहायला सांगू नका, आणि मुख्याध्यापकांना फोटो पाठवण्याआधी प्रत्येक फोटो मोठा करून बघा.